टर्बोची ऑइल फीड आणि रिटर्न लाइन स्वतः बनवायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी अडीच लिटरची टर्बो डिझेल पिकअप आहे. आजऱ्याहून भाजी भरून आंबोली घाटानं सावंतवाडी-गोव्याकडं उतरते आणि येताना चिरे भरून तोच घाट चढते. टर्बोला ऑइल पुरवणाऱ्या फीड पाइपला बेंजोजवळ, म्हणजे पोकळ बोल्टानं आवळायच्या गोल सांध्याजवळ, तडा गेलाय. त्याआधी टर्बोचं कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगचा मधला भाग, एकदा बदलून झालंय, तरी निळा धूर आणि इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल आहेच. कंपनीचा पाइप लवकर मिळत नाही. मग हायड्रॉलिक होज बनवणाऱ्याकडून फीड लाइन करून घ्यावी का, आणि टर्बोतलं ऑइल परत खाली नेणाऱ्या रिटर्नला सध्या रेडिएटर होजचा तुकडा टाकलाय तो तसाच ठेवला तर चालेल का?

फीड लाइन करून घेता येते, आणि नीट केली तर चांगली टिकते. रिटर्नचा तो तुकडा मात्र गाडी पुन्हा घाटात जाण्याआधी काढा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला वाटतं की धुराचं मूळ तिथंच आहे, आणि पहिलं कार्ट्रिज कदाचित विनाकारण बदललं गेलं. टर्बोची तक्रार आली की सगळे फीडकडं बघतात, कारण तिथं प्रेशर असतं आणि गळती डोळ्याला दिसते. रिटर्नकडं कोणी बघत नाही. माझ्या अनुभवात टर्बोचं सील गेलं म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा टर्बो ठणठणीत असतो, ऑइलला खाली जायला वाट नसते एवढंच.

हे समजायला टर्बोच्या आत काय चालतं ते आधी बघू. तुमच्या टर्बोत बुश बेअरिंग आहेत. शाफ्ट बुशमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो आणि छोट्या डिझेल टर्बोत तो मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. ऑइल वरून प्रेशरनं येतं, बुशमधून पिळून बाहेर पडतं आणि खालच्या मोठ्या भोकातून चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, परत जातं. बुशमधून बाहेर पडल्यावर त्याला काहीही प्रेशर उरत नाही. ते फक्त स्वतःच्या वजनानं खाली जातं. शिवाय ते साधं ऑइल नसतं. शाफ्टनं घुसळलेलं, दोन्ही टोकांच्या रिंगांवरून झिरपलेली हवा आणि एक्झॉस्ट मिसळलेलं, गुऱ्हाळातल्या काहिलीवर यावा तसा त्याचा फेस झालेला असतो. फेसाला जागा जास्त लागते आणि तो सावकाश वाहतो. म्हणून फीडचं भोक ४ मिमी असलं तरी रिटर्नचं १६ मिमी लागतं. क्षेत्रफळाच्या हिशोबानं हे सोळापट झालं.

आता सीलबद्दल. टर्बोच्या दोन्ही टोकांना क्रँकच्या सीलसारखं रबरी सील नसतं. पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी रिंग असते. तिचं मुख्य काम गॅस अडवण्याचं. मधल्या भागात ऑइल तुंबलं तर ते अडवायची ताकद तिच्यात नाही. तिथली पातळी शाफ्टपर्यंत चढली की ऑइल दोन्ही बाजूंना बाहेर पडणारच. एका बाजूनं इंटरकूलरच्या पाइपात, दुसऱ्या बाजूनं सायलेन्सरमध्ये. नवं कार्ट्रिज बसवा, तेही पहिल्याच दिवशी धूर काढेल.

म्हणून आधी रिटर्न.

रेडिएटर होज का चालत नाही, तर ती बहुतेक ईपीडीएम रबराची असते. हे रबर पाण्याला आणि कूलंटला उत्तम, पण इंजिन ऑइल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. बाहेरून होज जाडजूड दिसते, आतून भिंत फुगून वाट बारीक झालेली असते. अशी होज कापून आडवी बघितली तर आतलं भोक निम्मं राहिलेलं मी पाहिलंय, आणि आतला थर बोटानं सोलून निघत होता. त्याचे तुकडे चेंबरमध्ये जातात आणि तिथून ऑइल पंपाच्या जाळीवर. निळ्या-लाल रंगाची साधी सिलिकॉन होजही टाकू नका. दिसायला ती भारी, उष्णताही सोसते, पण ऑइल तिच्या भिंतीतून पाझरतं. आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेली होज वेगळी मिळते, ती चालते. नाहीतर एफकेएम रबराची घ्या. बाजारात तिला व्हायटॉन म्हणतात.

पण अख्खी रिटर्न लाइन होजची करूच नका. कंपन्या करतात तसंच करा. वर टर्बोला फ्लँज (बोल्टनं बसणारी चपटी पट्टी) आणि लोखंडी पाइप, खाली ब्लॉकला किंवा चेंबरला दुसरा लोखंडी पाइप, आणि दोन्ही जोडायला मध्ये ६०-८० मिमीचा होजचा तुकडा. दोन पाइपांच्या तोंडांमध्ये ५ ते १० मिमी फट ठेवा. होज मग लोंबकळत नाही. इंजिन तापल्यावर होणारी हालचाल सोसणं आणि सांधा बंद ठेवणं, एवढंच काम तिला उरतं. पाइपाच्या टोकाला बारीक कड उठवून घ्या, म्हणजे होज सरकत नाही. लेथवाल्याकडं सोय नसेल तर वेल्डनं बारीक कडं भरून कानसीनं गोल करून घेतलं तरी भागतं.

पाइप १९ मिमी बाहेरचा आणि दीड मिमी जाडीचा घ्या. आत बरोबर १६ मिमी मिळतात. फ्लँज ६ ते ८ मिमी पट्टीतून कापा. टर्बोच्या तोंडाला थोडं ग्रीस लावून त्यावर जाड कागद दाबला की भोकांचा अचूक ठसा मिळतो. फ्लँजचं मधलं भोक पाइपाच्या आतल्या मापाचं हवं, आत पायरी राहता कामा नये. वेल्ड बाहेरून मारा. वेल्ड झालं की फ्लँज हमखास वाकडी होते, त्यामुळं तिचं तोंड लेथवर पुन्हा घासून घ्या. हा शेवटचा भाग लोक टाळतात, मग गळायला लागलं की सिलिकॉन थापतात. रिटर्नच्या फ्लँजला सिलिकॉन लावू नये म्हणजे नाहीच. बोल्ट आवळल्यावर ते आतल्या बाजूला पिळून निघतं, भोकाच्या कडेनं लाल वळ्यासारखं लटकतं आणि वाट अडवतं. सुटून पडलं तर पंपाच्या जाळीत जातं. कागदी किंवा धातूचं पॅकिंग वापरा आणि त्याचं भोक पाइपाच्या भोकापेक्षा किंचित मोठंच कापा.

आता उतार. लाइन टर्बोपासून खालपर्यंत सलग उतरती हवी. जमेल तितकी उभी ठेवा. वळवावी लागलीच तर उभ्या रेषेपासून ३०-३५ अंशांच्या आतच राहा. मध्ये कुठंही खळगा नको. खळग्यात ऑइल साचलं की वरचा फेस अडकतो. काटकोनी एल्बो टाकू नका, लांब वळण घ्या. टर्बोचं रिटर्नचं तोंड स्वतःच तिरपं बसलं असेल तर खालची लाइन कितीही चांगली केली तरी उपयोग नाही. तुमचं कार्ट्रिज बदलताना मधला भाग थोडा फिरून बसला असण्याची दाट शक्यता आहे. दोन्ही बाजूंच्या हाऊसिंगचे बोल्ट किंवा क्लॅम्प सैल करून मधला भाग फिरवता येतो. फीड बरोबर वर आणि रिटर्न बरोबर खाली, उभ्या रेषेपासून २० अंशांच्या आत आणा. हे गाडी सपाट जागी उभी करून बघा, उतारावर नाही.

लाइन खाली जिथं शिरते ती जागा चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर हवी. तुमच्या गाडीला ब्लॉकवर कंपनीचंच तोंड आहे, त्यामुळं ही काळजी कमी. तरी डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढं भरलेलं नाही ना ते बघा. जास्त ऑइल घातलेलं बरं, असा अनेकांचा समज असतो. आंबोलीची चढण चढताना नाक वर होतं आणि चेंबरमधलं ऑइल मागं जातं. रिटर्नचं तोंड मागच्या अंगाला आणि खालच्या बाजूला असेल तर नेमक्या त्याच वेळी, म्हणजे टर्बो सगळ्यात जास्त राबत असताना, ते तोंड ऑइलखाली बुडतं. सपाटीला धूर नाही आणि घाटात आहे, अशी तक्रार असेल तर मी हे आधी बघतो.

ज्यांना साध्या डिझेल इंजिनला नव्यानं टर्बो बसवायचा आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. चेंबरला भोक पाडायचं तर चेंबर उतरवूनच पाडा, निपल वेल्ड करा, आत रॉकेल भरून रात्रभर ठेवा आणि सांधा ओला होतो का बघा. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं असे बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

रिटर्नचा अर्धा भाग इंजिनच्या आत असतो, तो विसरू नका. जुन्या इंजिनात पिस्टन रिंगांवरून गॅस खाली चेंबरमध्ये येतो, त्यालाच ब्लो-बाय म्हणतात. हा गॅस बाहेर सोडणारी वाट म्हणजे ब्रीदर. तो तुंबला असेल तर गॅस दुसरी वाट शोधतो, आणि त्याला सगळ्यात सोपी वाट टर्बोच्या रिटर्न पाइपाची असते. गॅस वर येतो आणि ऑइल खाली यायचं थांबतं. तुम्ही रिटर्न सोन्याची केली तरी धूर जाणार नाही. ब्रीदरचा पाइप काढून आतून बघा, काळा चिकट गाळ असेल तर डिझेलनं धुऊन काढा. मग एक साधी चाचणी करा. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बांधा, तळात पाणी भरा, एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवा आणि गरम इंजिनला रेस द्या. दोन बाजूंच्या पाण्यात किती मिलिमीटर फरक पडतो ते मोजा आणि गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. ऑइलचं झाकण उघडून हात ठेवून अंदाज घेण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं. फरक जास्त असेल आणि ब्रीदर साफ असेल तर रिंगांचं काम निघालंय.

तसाच एअर फिल्टर. तो चोंदला की टर्बोच्या हवेच्या बाजूला ओढ तयार होते आणि ऑइल तिकडं खेचलं जातं. घाटरस्त्याची लाल धूळ खाणाऱ्या गाडीला हे नेहमीचं. आणि इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ ओलसर थर दिसला म्हणून लगेच टर्बोला दोष देऊ नका. ब्रीदरची वाफ हवेच्या पाइपात सोडलेली असते, तेवढा थर येतोच. पाइप उलटा केल्यावर ऑइलची धार लागली तर ती काळजीची गोष्ट.

आता फीड लाइन.

पहिला प्रश्न, तडा बेंजोजवळच का गेला? लोखंडी फीड पाइपाला मध्ये कुठंतरी ब्लॉकला किंवा मॅनिफोल्डला धरणारी क्लिप असते. टर्बोचं काम करताना ती काढली जाते आणि पुन्हा लावायची राहते, कारण ती नसली तरी गाडी चालू होते. मग पाइपाचं सगळं थरथरणं शेवटच्या सांध्यावर येतं आणि तो थकून तडकतो. दुसरं कारण म्हणजे कार्ट्रिज फिरून बसल्यामुळं भोकं जुळत नव्हती आणि पाइप बोल्टनं ओढून बसवला. तो ताण कायम राहतो. नवी लाइन कशाचीही करा, ही दोन कारणं तशीच राहिली तर तीही जाईल. तडकलेल्या पाइपाला पितळी झाळ मारून वापरू नका. गरम एक्झॉस्टच्या वर प्रेशरचं ऑइल आहे ते. लोड असताना टर्बोच्या गरम बाजूचं हाऊसिंग काही वेळा लालसर होतं. त्यावर ऑइलची पिचकारी उडाली की गाडी पेटते.

हायड्रॉलिक होजवाला तुम्हाला प्रेशर विचारेल. तुमच्या इंजिनाचं ऑइल प्रेशर गरम असताना ४-५ बारच्या आसपास, थंडीत स्टार्ट केल्यावर थोडं जास्त. हायड्रॉलिकच्या दुनियेत हा आकडा काहीच नाही, त्यामुळं तो कुठलीही होज देईल. तुम्ही त्याला तापमान सांगा. साधी काळी वायरवाली हायड्रॉलिक होज, आर-१ किंवा आर-२, साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंतची असते. टर्बोजवळ आतलं ऑइलच त्याच्या वर जातं, बाहेरून धग लागते ती वेगळी, आणि इंजिन बंद केल्यावर साठलेली उष्णता होजवर चढते. ही होज आतून कडक होते आणि तिचे कपचे सुटून फीडच्या भोकात अडकतात. मागायची ती पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची नळी आणि वर स्टेनलेस स्टीलची जाळी. कॅटलॉगमध्ये ती आर-१४ नावानं असते आणि साधारण २०० अंशांपर्यंत चालते. पाव इंची, म्हणजे दोन सुती होज पुरते.

तिचे फिटिंगही वेगळे असतात. रबराच्या होजचं फिटिंग पीटीएफईवर चालत नाही. दुकानात क्रिम्प करून, म्हणजे फिटिंग यंत्रानं दाबून, मिळाली तर उत्तम. स्वतः जोडणार असाल तर कापायच्या जागी चिकटपट्टी घट्ट गुंडाळा आणि बारीक दातांच्या हॅक्सॉनं पट्टीच्या मधोमध कापा. जाळी विस्कटली की पितळी फेरूल (फिटिंगमधलं छोटं कडं) नळी आणि जाळी यांच्यामध्ये सरळ जात नाही. एखादी केसासारखी तार फेरूलच्या खाली, नळीच्या बाजूला राहिली तरी तो सांधा कायम घामेजतो, कितीही आवळा. चांगल्या उजेडात, डोळ्याजवळ धरून बघा.

टोकं जुन्या पाइपासारखीच ठेवा, म्हणजे दोन्हीकडं तेच बेंजो बोल्ट. दुकानात जाताना दोन्ही बोल्ट आणि जुना पाइप बरोबर न्या. अॅडॉप्टरवर अॅडॉप्टर लावून जुगाड करू नका, प्रत्येक सांधा ही गळतीची एक जागा असते. बोल्टाची भोकं मोठी करू नका. काही इंजिनांत बेंजो बोल्टाच्या आत बारीक जाळी असते. प्यूजो-सिट्रोएनच्या १.६ लिटर एचडीआय डिझेलमध्ये ती जाळी काजळीनं तुंबून कितीतरी टर्बो गेले. तिथं नवा टर्बो बसवताना फीड पाइप आणि बोल्ट नवे टाकणं हा नियमच झाला. तुमच्या बोल्टात जाळी असेल तर तारेनं टोचू नका, बोल्ट नवा घ्या.

आट्यांच्या मापात फार गोंधळ होतो. ब्लॉकवर ऑइल प्रेशर स्विचच्या जागी टी लावून फीड घेणारे तर हमखास फसतात. एक सुती एनपीटीला (अमेरिकन पाइपाचे आटे) इंचाला २७ आटे, एक सुती बीएसपीला (ब्रिटिश पाइपाचे आटे) २८, आणि एम-१० बाय १ हा मेट्रिक बोल्ट त्यांच्याच आसपासचा. तिन्ही एकमेकांत दोन-अडीच वेटोळे सहज शिरतात, मग जड लागतात. तिथं पान्यानं जोर केला की बिडाच्या ब्लॉकचे आटे गेले. हातानं पूर्ण फिरत नसेल तर थांबा, आट्यांचा गेज लावा. फिटिंगची तोंडं ज्या उतरत्या कडेवर बसतात त्या कोनांचंही (फ्लेअरचंही) तसंच. सात सोळांश इंच, वीस आट्यांचं नट ३७ अंशांच्या जेआयसी फ्लेअरलाही येतं आणि ४५ अंशांच्या एसएई फ्लेअरलाही. दोन्ही एकमेकांवर छान आवळले जातात आणि इंजिन तापलं की गळतात. आपल्याकडच्या हायड्रॉलिक दुकानात बीएसपीचा ६० अंशांचा कोन जास्त चालतो, तो तिसराच. नर आणि मादी दोन्ही बाजू एकाच जातीच्या घ्या.

टेफ्लॉन टेप फीड लाइनला लावू नका. टेपचा धागा सुटला तर पुढं फक्त टर्बोचं भोक आहे, फिल्टर मागंच राहिला. निमुळत्या आट्यांना द्रव थ्रेड सीलंट लावा, तेही पहिले दोन आटे सोडून. बेंजोला तांब्याचे वायसर, दर वेळी नवे. नाइलाजानं जुने वापरायचे असतील तर गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होतं. वरचा काळा थर पुसून घ्या.

लोखंडी पाइपच करायचा असेल तर ६ मिमी बाहेरचा, १ मिमी जाडीचा सीमलेस स्टील पाइप घ्या, आत ४ मिमी मिळतात. तांब्याची नळी वळायला सोपी म्हणून मोह होतो, पण थरथरीनं ती कडक होऊन तडकते. आणि एक कळकळीची विनंती, पाइप वाळू भरून वाकवू नका. आपल्याकडं वेल्डर सरसकट तसंच करतात. सायलेन्सरच्या पाइपाला ते ठीक आहे. फीड लाइनमध्ये राहिलेला वाळूचा एक कण बुशवर ओरखडा मारायला पुरतो. गॅसनं तापवला तर आत पापुद्रा सुटतो, तोही तितकाच वाईट. हातानं चालणारा पाइप बेंडर वापरा आणि थंडच वाकवा. मध्ये एखादं मोकळं वळण ठेवा म्हणजे तापल्यावर पाइपाला फुलायला जागा राहते, आणि क्लिप लावाच.

दोन्हीत निवड करायची तर तुमच्या गाडीला मी पीटीएफई होज सुचवेन. गावात चांगला बेंडर आणि चांदीची झाळ मारणारा माणूस मिळणं कठीण, क्रिम्प करणारा मात्र प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आहे. होज वळवताना ७५ मिमीपेक्षा लहान त्रिज्या नको. एकदा मुडपली की आतली नळी दबलेलीच राहते, ती टाकून द्या. आवळताना होज पिळली जाऊ नये म्हणून दुसरा पाना लावून फिटिंग धरा. स्टीलची जाळी जिथं घासेल तिथं करवतीसारखी कापत जाते, मग ती वायरिंग असो की ॲल्युमिनियमचा पाइप. धातूच्या क्लिपेत, मध्ये बाही घालून धरा. गरम हाऊसिंगपासून चार बोटं अंतर ठेवा, आणि ते शक्य नसेल तर मध्ये पत्रा लावा. काचतंतूची उघडी पट्टी गुंडाळू नका, ती ऑइल पिते आणि मग वातीसारखी जळते. बाहेरून सिलिकॉनचा थर असलेली फायर स्लीव्ह चालते.

बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाका असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो बॉल बेअरिंगच्या टर्बोसाठी आहे, त्यात साधारण १ मिमीचं भोक लागतं आणि बऱ्याचदा ते आतच दिलेलं असतं. तुमच्या बुशच्या टर्बोला ऑइल भरपूर लागतं. रिटर्नचं दुखणं झाकायला फीड बारीक केली तर धूर थोडे दिवस कमी दिसेल आणि बुश जळतील. हा उपाय करून दिलेल्या गाड्या बघितल्या की फार वाईट वाटतं, कारण मालकाला वाटतं काम झालं.

लाइन तयार झाली की धुवा. आधी डिझेल किंवा रॉकेल, मग दोन्ही टोकांकडून कॉम्प्रेसरची हवा, मग लाइनमधून पुन्हा रॉकेल पांढऱ्या फडक्यावर ओतून कण दिसतात का बघा. फडकं स्वच्छ येईपर्यंत करा. नंतर बसवेपर्यंत दोन्ही तोंडं प्लास्टिकच्या टोपणानं बंद ठेवा. ऑइल आणि फिल्टर नवे टाका.

पहिल्या स्टार्टला घाई नको. फीडच्या भोकातून टर्बोत स्वच्छ ऑइल ओता, टर्बोच्या हवेच्या बाजूचं, म्हणजे कॉम्प्रेसरचं चाक बोटानं फिरवत राहा, भरेल तितकं भरा. मग फीड लाइन जोडा आणि रिटर्नची खालची होज तात्पुरती डब्यात सोडा. डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा म्हणजे इंजिन पेटणार नाही. दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या, पुन्हा मारा. डब्यात ऑइल यायला लागलं की फीड मोकळी आहे आणि टर्बोतून ऑइल पार होतंय हे डोळ्यांनी कळलं. रिटर्न जागेवर जोडा, वायर लावा आणि स्टार्ट करून दोन-तीन मिनिटं रेस न देता चालू द्या. सांध्यांखाली पांढरा कागद धरा. इंजिन एकदा पूर्ण गरम होऊन थंड झालं की बेंजो पुन्हा तपासा, तांब्याचे वायसर थोडे बसतात. हे बोल्ट पोकळ असतात, जोर लावला तर मान तुटते.

चाचणी घेताना शेजारी एक जाड फळी ठेवा. टर्बोतून हवेच्या बाजूला जास्त ऑइल गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं, रेस आपोआप चढत जाते आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेचं तोंड फळीनं बंद करायचं, हात लावायचा नाही. रस्त्यावर असं झालं तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद करायचं. इंटरकूलरमध्ये आधीचं साठलेलं ऑइल काढून धुऊन मगच चाचणी घ्या, नाहीतर नव्या लाइनवरही हा धोका राहतो, आणि जुनंच ऑइल जळत असताना तुम्हाला वाटेल की काम फसलं.

घाट चढून वर आल्यावर चहाला थांबलात की इंजिन लगेच बंद करू नका, एक-दोन मिनिटं तसंच चालू ठेवा. टर्बो लालसर तापलेला असताना ऑइल थांबलं की आत आणि फीडच्या शेवटच्या काही इंचांत ते जळून कोळसा होतं. जुना फीड पाइप धुऊन पुन्हा वापरू नये असं मी म्हणतो ते यामुळंच. हा कोळसा रॉकेलनं निघत नाही, नव्या कार्ट्रिजमध्ये मात्र सुटून पडतो.

तुमच्या गाडीचा क्रम मी असा ठेवेन: आधी एअर फिल्टर, ब्रीदर आणि पाण्याच्या नळीची चाचणी, मग टर्बोचा मधला भाग सरळ करणं, मग नवी रिटर्न, शेवटी नवी फीड. कार्ट्रिज पुन्हा बदलू नका. कॉम्प्रेसरचं चाक बोटानं हलवून बघा. आडवा थोडा खेळ बुशच्या टर्बोत असतोच, मागं-पुढं मात्र जाणवण्याइतका खेळ नको, आणि चाक हाऊसिंगला कुठंही घासलेलं नको. हे ठीक असेल तर इंटरकूलर धुऊन गाडी दोन-तीन दिवस चालवा, कारण सायलेन्सरमध्ये मुरलेलं ऑइल जळून संपायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतरही निळा धूर राहिला तर आधी हवेचा पाइप उतरवून बघा. तो कोरडा असेल तर टर्बोची गरम बाजू ओली आहे का ते बघा, आणि तीही कोरडी असेल तर व्हॉल्व्ह सील आणि रिंगांकडं वळा.